आरबाई आणि शंभराच्या वरचे आकडे

इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत आरबाई बसत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. आकड्यांचा हिशेब करायची 'आर' नावाची एक संगणकाची भाषा आहे. त्या भाषेत कुणाचं घोडं कुठे पेंड खात असलं, की ते सोडवून देणं हे बाईंचं काम. म्हणून आरबाई. शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे हेच नाव घेत, आणि फोन उचलल्यावर त्याही "आरबाई बोलतेय" असंच म्हणत.

खोली म्हणजे काय, नावालाच खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, एक पंखा, आणि खिडकीतून दिसणारं धोबीखान्याचं अंगण. जिन्यावरून कुणी धावत गेलं की डोक्यावर धूळ पडायची. बाई ती ओढणीनं पुसायच्या आणि समोरच्याला म्हणायच्या, "हं, चालू द्या. छत पडत नाही, नुसतं धमकावतं."

दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली होती: 'आधी डेटा दाखवा, मग दुखणं सांगा.' नव्या माणसाला हे उर्मट वाटे. पण बाईंचा अनुभवच तसा होता. लोक यायचे आणि नमनालाच घडाभर तेल घालायचे. माझा विषय अमुक, माझे सर तमुक, परिषद पुढच्या आठवड्यात, आणि शेवटी कळायचं की बाबांनी एक कंस बंद केलेला नाही. आर बिचारा अधिकचं चिन्ह मांडून पुढच्या अक्षराची वाट बघत बसलाय, आणि हे म्हणतायत संगणक बिघडला! दुसरा यायचा तो हमखास म्हणायचा, "बाई, फाइल सापडत नाही." फाइल होती तिथेच असायची, आरला भलत्या फोल्डरमध्ये उभं केलेलं असायचं. तिसऱ्याला सरासरीच्या जागी रिकामी खूण यायची, कारण रकान्यात कुठेतरी एक जागा रिकामी असायची आणि आरला ते मुकाट्यानं गिळता येत नाही. काही जण तर नुसत्या इंग्रजीतल्या लहानमोठ्या अक्षरांनी गंडायचे. उत्तर लाल अक्षरात पडद्यावर लिहिलेलं असायचं, पण वाचायला फुरसत कुणाला? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

बाई कधी कुणाच्या कीबोर्डला हात लावत नसत. हात मागे बांधून उभ्या राहत आणि म्हणत, "पहिल्या सहा ओळी काढा. आता प्रत्येक रकाना कुठल्या जातीचा आहे ते विचारा त्याला. आकडा आहे, अक्षर आहे, की गटांत मोडणारा फॅक्टर?" एवढं केल्याशिवाय त्या उत्तर देत नसत, मग समोर अधिष्ठाता का असेना. एकदा एक प्राध्यापक चिडले होते. "अहो बाई, मला फक्त एक ओळ सांगा ना!" बाई म्हणाल्या, "सांगते की. पण कशाला लावताय ते न बघता मलम दिलं, तर तुम्ही डोळ्यात घालाल." प्राध्यापक हसले आणि त्यांनी सहा ओळी काढल्या.

कुणाला हसून, कुणाला दटावून, पण रिकाम्या हातानं त्यांनी कुणाला परत पाठवलं नाही. माणूस प्रश्न घेऊन येतो तेव्हा त्याला खरं उत्तर हवं असतं, यावर त्यांचा आंधळा विश्वास होता. लग्न केलं नव्हतं. संसार म्हणजे ही खोली, आणि घरी ताई.

आता ताईचं सांगायला हवं. बाईंची आई त्या लहान असतानाच गेली. वडील होते, पण असून नसल्यासारखे. ताईनं शाळा सोडली आणि एका दुकानात शाळेचे गणवेश शिवायला बसली. काज करून करून तिच्या अंगठ्याला कायमचा घट्टा पडला होता. धाकटीनं गणित शिकायचं म्हटलं तेव्हा शेजारपाजारचे म्हणाले, मुलीच्या जातीला एवढं कशाला? ताई मशिनीवरून मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला विचारलंय कुणी?" बास, विषय संपला. ताईची जीभ तशीच होती, कात्रीसारखी. पुढे बाईंना इस्पितळात नोकरी लागली, दोन खोल्यांचं घर झालं, तरी ताई बहिणीच्या डब्यावर झाकण नीट बसलंय का ते रोज दाबून बघायची.

या ताईला तो आजार झाला. रक्तातला एक आकडा वाढत जातो आणि माणूस झिजत जातो, असा तो आजार. आकडा जितका चढा, तितकं दुखणं पुढे गेलेलं. साधारण चाळीस ते पंच्याण्णवच्या मध्ये असला तर माणूस चालतंफिरतं असतं. शंभराच्या वर गेला, की डॉक्टर आवाज खाली आणून बोलायला लागतात. ताईचा बहात्तर होता तेव्हा मोठ्या डॉक्टरांच्या वॉर्डात एक नवं औषध सुरू झालं. सुईतून द्यायचं, दर पंधरवड्याला. बऱ्याच रोग्यांवर एकदम चाचणी होणार होती. सहा महिन्यांनी आकडे मोजायचे आणि औषध पुढे चालू ठेवायचं की थांबवायचं ते समितीनं ठरवायचं. ताईनं सही केली. बुडत्याला काडीचा आधार, आणि ही काडी तर चांगली जाडजूड दिसत होती.

पण औषध फार वाईट होतं. सुई घेतल्यावर ताईला तोंड येई, पाणीसुद्धा घोटवत नसे. बोटांची संवेदना गेली. जिनं जन्मभर डोळे मिटून सुई ओवली, तिला शर्टाचं बटण लावता येईना. बाई बटणं लावून द्यायला गेल्या की ती हात झटकायची. "राहू दे, जमेल. औषध कामाला लागलंय म्हणून हे होतंय." वॉर्डात असं बोललं जात होतंच. शेवटच्या तपासणीत तिचा आकडा एकशे बारा आला, तेव्हा आरबाईंनी तो कागद दोनदा वाचला. पण वॉर्डातले म्हणाले, एकेकाचा आकडा वरखाली होतो, त्यावरून काही ठरत नाही. सगळ्यांचा मिळून बघायचा. आणि सगळ्यांचा मिळून आकडा निम्म्यावर आलाय, असं तिथल्या छोट्या डॉक्टरांनी काढलंय!

हे ऐकलं त्या संध्याकाळी ताईनं आरसा मागितला. किती दिवसांनी केस विंचरले, आणि म्हणाली, "उन्हाळ्यात पुढची खोली रंगवून घेऊ. तो हिरवा नको, आजारी दिसतो." बाई हो म्हणाल्या. एकाचा आकडा वरखाली होतो आणि सरासरी खरी असते, हे त्या स्वतःच तर लोकांना शिकवत आल्या होत्या. त्यांनी मन घट्ट केलं आणि विश्वास ठेवला. वॉर्डाची फाइल बघायला त्या गेल्या नाहीत. आपलं माणूस ज्यात आहे त्या आकड्यांत नाक खुपसायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

फाइल स्वतःच चालत त्यांच्या खोलीत आली.

छोटे डॉक्टर म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालचा तरुण माणूस. कष्टाळू, सरळ, आणि झोपेचं कायम खोबरं झालेलं. त्या दिवशी दुपारी तो लॅपटॉप छातीशी धरून दारात उभा राहिला. बाहेर बाकावर आणखी तिघं-चौघं बसली होती.

"आरबाई, एकच मिनिट. अगदी साधा प्रश्न आहे, विचारायलासुद्धा लाज वाटते."

"लाजेनं काय होतं? ताकाला येऊन भांडं लपवू नका. बोला."

"उद्या समितीपुढे आमच्या औषधाचे आकडे मांडायचेत. सगळं झालंय, फक्त आलेख बेंगरूळ दिसतोय. खालच्या रेघेवर आकडे क्रमानं लागत नाहीत. ते ओळीनं लावायला काय लिहायचं, एवढंच सांगा."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. आलेखाच्या खालच्या रेघेवर लिहिलं होतं: शंभर, एकशे चार, एकशे आठ, एकशे बारा, आणि त्यानंतर अडतीस, एक्केचाळीस, त्रेचाळीस. हा प्रश्न त्यांनी पुष्कळदा सोडवला होता. क्रम लावून द्यायची एक ओळ असते, ती त्यांना तोंडपाठ होती. बाहेर माणसं खोळंबली होती. जिभेवर ती ओळ आलीसुद्धा.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की शंभर हा आकडा अडतिसाच्या आधी बसलाय. शब्दकोशात बसावा तसा. तिथे पहिलं अक्षर बघतात, आणि एक तिनाच्या आधी येतो. म्हणजे हा रकाना आकड्यांचा नाहीच. आर त्याला अक्षरं समजतोय.

हा तोच रकाना होता, ज्याच्या सरासरीवर अख्खा वॉर्ड हसत होता.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपल्याकडे म्हणतात. डॉक्टरानं आलेखाचं विचारलं होतं. आलेखाचं सांगितलं असतं तर तो आभार मानून गेला असता, आणि कुणी बोट दाखवलं नसतं. घरी ताई रंगाचे नमुने मागवून बसली होती. बाई खिडकीकडे वळल्या. अंगणात दोघी जणी एक चादर दोन टोकांना धरून घडी घालत होत्या. बाईंना एकाएकी फार राग आला, त्या चादरीचा, डॉक्टराचा, स्वतःच्या नजरेचा. आंधळी असते तर बरं झालं असतं, असं त्यांना खरोखर वाटलं.

"बाई? बरं वाटत नाही का?"

"पहिल्या सहा ओळी काढा," बाई म्हणाल्या.

"अहो पण आलेखाचंच..."

"पाटी वाचलीत ना दारावरची? काढा."

त्यानं काढल्या. मग रकान्यांच्या जाती विचारल्या. औषधाआधीचा रकाना: आकडा. औषधानंतरचा रकाना: फॅक्टर.

"हा फॅक्टर कसा झाला?" बाईंनी विचारलं.

"वॉर्डातल्या संगणकावर आरची जुनी आवृत्ती आहे. फाइल तिथेच उघडली होती. एका रोग्याचा नमुना फुटला, तर नर्सनं आकड्याच्या जागी 'नमुना खराब' असं लिहिलं होतं. त्यामुळे झालं असेल."

"हो, त्यामुळेच. एक शब्द दिसला की ती जुनी आवृत्ती अख्ख्या रकान्याला शब्द मानते आणि फॅक्टर करून टाकते. मग सरासरी कशी काढलीत?"

"फॅक्टरची सरासरी निघेना, म्हणून आधी त्याला आकड्यात बदलून घेतलं. काही तक्रार आली नाही त्याची. लाल अक्षर नाही, इशारा नाही, काही नाही."

"येत नाही तक्रार," बाई म्हणाल्या. "तिथेच सगळा घात आहे."

त्यांनी खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसल्या. असं त्या कधी बसत नसत. सावकाश सांगितलं. फॅक्टर म्हणजे कपाटाचे कप्पे. आर प्रत्येक वेगळ्या शब्दाला एक कप्पा देतो, कप्पे शब्दकोशाच्या क्रमानं लावतो आणि त्यांना नंबर टाकतो. तुम्ही म्हणालात, याचा आकडा कर. त्यानं कप्प्यात काय लिहिलंय ते दिलं नाही, कप्प्याचा नंबर काढून दिला. शंभर पहिल्या कप्प्यात आहे, म्हणून शंभराचा झाला एक. एकशे चारचा झाला दोन. शंभराच्या वर गेलेले सगळे रोगी तळाला जाऊन बसले, आणि तुम्हाला वाटलं ते बरे झाले. 'नमुना खराब' शेवटच्या कप्प्यात होता, त्यालासुद्धा एक आकडा मिळाला बघा.

छोट्या डॉक्टरानं विचारलं, "मग आता काय करायचं?"

"आधी अक्षर करा, मग आकडा. अक्षर केलं की कप्प्यात लिहिलेलं बाहेर येतं. मग त्याचा आकडा करा. आता मात्र तो इशारा देईल, 'खराब' ला आकडा करता येत नाही म्हणून. देऊ द्या. त्याची एक जागा रिकामी राहील, ती वगळून सरासरी काढा."

त्याचं दोनदा स्पेलिंग चुकलं. बाई तरीही कीबोर्डला हात न लावता थांबून राहिल्या. शेवटी उत्तर आलं. औषधाआधी सरासरी सत्तर होती. औषधानंतर एक्क्याऐंशी.

कमी झालं नव्हतं, वाढलं होतं. औषध घेऊन तोंडं आली, बोटं बधिर झाली, आणि आजार आपल्या चालीनं पुढे चालला होता. रोग रेड्याला, औषध पखालीला.

फाइलमध्ये नावं नव्हती, नुसती वयं आणि तारखा होत्या. बाईंनी ठरवलं होतं की बघायचं नाही. पण डोळ्यांना कोण आवरणार? वय तेच, सुईची पहिली तारीख तीच, आधीचा आकडा बहात्तर. नंतरचा एकशे बारा. आणि शेजारच्या रकान्यात, डॉक्टरानं बदलून घेतलेला आकडा: चार. वॉर्डाच्या हिशेबात ताई जवळजवळ खडखडीत बरी झाली होती.

"आरबाई," डॉक्टर म्हणाला, "मी लोकांना सांगितलंय हो, निम्म्यावर आलंय म्हणून. खाटेखाटेला जाऊन सांगितलंय. म्हातारी माणसं माझे हात धरून रडली." तो स्वतःच रडायला आला होता.

बाईंना त्याची कीव आली. "फॅक्टरच्या बाबतीत तुम्ही पहिले नाही आणि शेवटचेही नाही," त्या म्हणाल्या. "उठा. आत्ताच मोठ्या डॉक्टरांकडे जा. उद्यावर टाकू नका, उद्या धीर होणार नाही." तो उठला. दारापाशी थांबून म्हणाला, "तुमच्या कुणी आहेत ना आमच्या वॉर्डात?" बाई म्हणाल्या, "माझी ताई." तो लॅपटॉप छातीशी धरून जिन्याकडे वळला. बाहेर बाकावरच्या पोरीनं आत डोकावून विचारलं, "येऊ का?" आणि बाईंनी तिला बोलावलं. तिचा एक स्वल्पविराम राहिला होता.

मोठे डॉक्टर सरळ मनाचे निघाले, एवढं त्यांच्याबद्दल म्हणायला हवं. त्यांनी आरडाओरडा केला नाही, की कुणाच्या डोक्यावर खापर फोडलं नाही. सगळा हिशेब दुसऱ्या माणसाकडून पुन्हा करून घेतला, तोच आकडा आला, आणि समितीपुढे जाऊन त्यांनी स्वतः सांगितलं की आमचं औषध लागू पडलेलं नाही. सुया थांबल्या. रोग्यांना बोलावून सांगायचं ठरलं. वॉर्डाच्या नर्सनं जिन्याखाली येऊन बाईंना विचारलं, "तुमच्या ताईंना आम्ही सांगू, की तुम्ही?"

"मी सांगते," बाई म्हणाल्या. जन्मभर परक्यांना खरी उत्तरं दिली, आणि सख्ख्या बहिणीला नर्सच्या तोंडून कळू द्यायचं? ते त्यांच्यानं झालं नसतं.

घरी आल्या तेव्हा अजून उजेड होता. ताई खाटेवर उशीला टेकून बसली होती. पांघरुणावर रंगाचे नमुने पसरले होते, आणि एक पिवळा तिनं बाजूला काढला होता. बाईंनी चप्पल काढली, हातपाय धुतले, चहा केला. ताईच्या कपात थंड दूध जास्त घातलं, तोंड आलं होतं म्हणून. मग समोर बसून सगळं सांगितलं. फॅक्टर, कप्पे, शंभराच्या वरचे आकडे. साधं करून सांगितलं, जसं त्या सगळ्यांना सांगत. ताई लक्ष देऊन ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, "म्हणजे शिवताना वहीतलं माप घ्यायचं सोडून गिऱ्हाइकाचा नंबर घेतला."

"हो ताई. अगदी तसंच."

"मग कपडा कसा बसणार!" ताई थोडी हसलीसुद्धा. मग हसू गेलं. "म्हणजे सुई आता बंद."

"बंद. तोंड बरं होईल हळूहळू. बोटांचंही कदाचित होईल."

"आणि आकडा?"

बाईंनी मान खाली घातली. ताईला समजायचं ते समजलं.

"कुणी काढलं हे शोधून?"

"मी."

"त्या डॉक्टरनं विचारलं होतं तुला? बरोबर आहे का बघा म्हणून?"

"नाही. त्यानं आलेखाचं विचारलं होतं."

ताईनं कप खाली ठेवला. बधिर बोटांतून तो तिरका टेकला आणि चहा पिवळ्या नमुन्यावर सांडला. तिनं तो पुसला नाही.

"आणि मी विचारलं होतं का गं?"

आरबाईंनी फडक्याला हात घातला.

"मी तुला एकदा तरी विचारलं होतं का, की माझं खरं काय आहे ते बघून सांग? मी खोलीच्या रंगाचं बोलत होते. मला चाललं असतं गं. उन्हाळ्यापर्यंत चाललं असतं. हसत गेले असते."

"ताई, बाकीचीही माणसं आहेत त्या वॉर्डात. सगळ्यांना ती सुई टोचत राहिले असते."

"बाकीच्यांचं मला सांगू नकोस. ती तुझी असतील." ताईचा आवाज चढला होता आणि मध्येच चिरकला. "मी तुझी कोण?"

बाई रडायला लागल्या. त्यांना रडण्याची सवय नव्हती, त्यामुळे ते नीट जमतही नव्हतं. हुंदका अडकून खोकला येई. आपण चुकलो नाही हे त्यांना माहीत होतं, आणि त्याचा काडीइतका उपयोग होत नव्हता. समोर जिनं काज करून करून आपल्याला वाढवलं ती बसली होती, आणि तिच्याजवळ जेवढं उरलं होतं तेवढं आपण काढून घेतलं, एवढंच त्यांना दिसत होतं. ताई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. खिडकीबाहेर मुलं खेळून घरी गेली. कुणीतरी कुणाला तरी जेवायला हाक मारत होतं.

बऱ्याच वेळानं ताई भिंतीकडेच बघत म्हणाली, "बरं. आता विचारते."

बाईंनी डोळे पुसले. "विचार."

"माझं किती राहिलंय?"

"माहीत नाही, ताई."

"माहीत नाही, की सांगत नाहीस?"

"खरंच माहीत नाही. एकाचा आकडा घेऊन ते काढता येत नाही. कुणालाच येत नाही."

इतक्या वर्षांत त्यांनी 'माहीत नाही' हे उत्तर कुणाला दिलं नव्हतं. ताईनं ते ऐकलं. मग ती खाटेवर कण्हत, एकेक हात टेकत भिंतीकडे सरकली, आणि अर्धी खाट मोकळी झाली.

"ये," ती म्हणाली. "दिवा नको लावूस."